१९७२ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार): इंडिकेटर, वायपर आणि पेट्रोलचा काटा एकदम बंद पडतात, इंजिन मात्र चालू राहतं. दोष कुठे शोधावा?

हिरव्या वायरीच्या फ्यूजपाशी. इग्निशनकडून येणारी पांढरी वायर फ्यूजपलीकडे हिरवी होते आणि हे तिन्ही त्या हिरवीवरच आहेत. स्पार्क प्लगच्या ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलला मात्र पांढरीतून, फ्यूजशिवाय वीज मिळते, म्हणून इंजिन थांबत नाही.

फ्यूज चांगला दिसला तरी फसू नका, बहुतेकदा त्याला धरणाऱ्या क्लिपा गंजलेल्या असतात. इग्निशन आणि वायपर चालू ठेवून मल्टीमीटरने फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या वायरींवर व्होल्टेज मोजा. झटपट, नाहीतर कॉइल तापते. पांढरीवर १२ आणि हिरवीवर ८-९ आले, तर बॅटरी सोडवून क्लिपा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत घासा. जास्त अँपिअरचा फ्यूज कृपा करून घालू नका, त्याने वायरिंगच जळेल.