डॉकर इमेज (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) बनायला सात मिनिटं लागतात. नको असलेल्या फाइली काढल्या तर फरक पडेल का?

पडेल. तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्ट नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आहे, एक ओळ बदलली तरी सगळं पहिल्यापासून इन्स्टॉल होतं, आणि डॉकरफाइलच्या (इमेज बनवायच्या सूचनांची फाइल) शेवटी ‘रन आरएम’ (पुसायची आज्ञा) टाकून फोल्डर उडवले तरी इमेज दीड जीबीचीच राहते.

आधी त्या ‘आरएम’चं बघू. कॉपी आणि रन या प्रत्येक सूचनेची वेगळी लेयर, म्हणजे इमेजचा एक थर, बनते. खालच्या लेयरमध्ये शिरलेली फाइल वरच्या लेयरमध्ये पुसली की ती नुसती दिसेनाशी होते, जागा अडवून बसतेच. ‘डॉकर हिस्टरी’ चालवून बघा, कोणती लेयर किती खाते ते लगेच कळेल. म्हणजे नको ती फाइल आत येण्याआधी दारातच अडवायला हवी. त्यासाठी डॉकरफाइलशेजारी ‘.डॉकरइग्नोर’ नावाची फाइल ठेवायची आणि तिच्यात निदान ‘नोड_मॉड्यूल्स’ (इन्स्टॉल झालेली पॅकेजेस), ‘.गिट’ (कोडमधल्या बदलांचा इतिहास), ‘.ईएनव्ही’ (पासवर्डसारख्या सेटिंग्ज), लॉग आणि तयार बिल्डचा फोल्डर एवढं लिहायचं.

बिल्ड सुरू होताना ‘ट्रान्सफरिंग कॉन्टेक्स्ट’ (डॉकरकडे फाइली पाठवल्या जाताहेत) अशी ओळ येते, तिच्यापुढचा आकडा बघा. आमच्याकडे तो एकदा ९०० एमबीच्या वर गेला होता. कोणे एके काळी कुणीतरी डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) कमिट करून, म्हणजे गिटमध्ये नोंदवून, नंतर काढून टाकला होता. फाइल गेली, पण ‘.गिट’च्या पोटात तशीच राहिली. (त्या ‘कुणीतरी’चं नाव सांगत नाही, मीच होतो.)

पण खरा वेळ या ने-आणीत जात नाही. बिल्डकिट (डॉकरचं नवं बिल्ड इंजिन) असेल तर दुसऱ्या वेळेपासून बदललेल्या फाइलीच पाठवल्या जातात. वेळ जातो तो कॅश (आधी बनलेल्या लेयर्सचा साठा) मोडल्यामुळे. ‘कॉपी . .’ (सगळा प्रोजेक्ट आत घ्यायची सूचना) करताना डॉकर सगळ्या फाइलींच्या मजकुराचा चेकसम, म्हणजे ओळख पटवणारा आकडा, काढतो. एक फाइल जरी बदलली तरी ती लेयर आणि तिच्यानंतरच्या सगळ्या लेयर्स नव्याने बनतात. आता ‘.गिट’ आत असेल तर प्रत्येक कमिटला काहीतरी बदलणारच. कोडला हात न लावता नुसती ब्रँच बदलली तरी कॅश गेली. लॉग फाइलचंही तेच.

म्हणून इग्नोर फाइलसोबत क्रमही बदला. आधी फक्त ‘पॅकेज.जेसन’ आणि लॉक फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कॉपी करा, मग ‘एनपीएम सीआय’ (ती पॅकेजेस इन्स्टॉल करायची आज्ञा), आणि त्यानंतर ‘कॉपी . .’. मग कोडची ओळ बदलली तरी इन्स्टॉलची पायरी कॅशमधून येते. तुमची सात मिनिटं बहुतेक इथेच अडकली आहेत.

या क्रमात ‘नोड_मॉड्यूल्स’ वगळलं नाही, तर शेवटची कॉपी तुमच्या मशीनवरची मॉड्यूल्स कंटेनरमधल्या ताज्या मॉड्यूल्सवर पसरते. मॅकवर बीक्रिप्टसारखं नेटिव्ह (त्या त्या सिस्टिमसाठी कंपाइल झालेलं) पॅकेज असेल, तर कंटेनर सुरू होताच ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ म्हणून आपटतो. मी यावर एक अख्खी दुपार घालवली आहे.

एक गोम आहे. ही ‘.डॉकरइग्नोर’ फाइल गिटइग्नोरसारखी (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) दिसते, पण वागते वेगळी. नुसतं ‘नोड_मॉड्यूल्स’ लिहिलं तर फक्त वरच्या पातळीवरचा फोल्डर वगळला जातो. आतल्या फोल्डरांमधलेही वगळायचे असतील तर आधी दोन तारका आणि तिरकी रेघ लावा: ‘**/नोड_मॉड्यूल्स’. गिटइग्नोर जशीच्या तशी चिकटवणारे इथेच फसतात.

आकारासाठी मल्टी-स्टेज बिल्ड करा: एका स्टेजमध्ये बांधा, दुसऱ्यात फक्त तयार माल न्या. बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज बांधतो ती) ‘स्लिम’ घ्या. अल्पाइन आणखी लहान असते, पण तिच्यात ग्लिबसी या लिनक्सच्या नेहमीच्या मूळ सी लायब्ररीऐवजी मसल ही वेगळी लायब्ररी असते. काही नेटिव्ह पॅकेजेस मग तिथेच कंपाइल करावी लागतात आणि वाचवलेला वेळ परत जातो.

बदल केल्यावर पहिलं बिल्ड पूर्वीइतकंच रेंगाळेल, दुसऱ्यापासून मोजा. आणि हे सगळं सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) चालत असेल, जिथे दर वेळी कोरं मशीन मिळतं, तर तिथे कॅश नसतेच. ती रजिस्ट्रीत (इमेज साठवायच्या सर्व्हरवर) ठेवून ‘कॅश-फ्रॉम’ने मागवावी लागेल.