इंटरव्ह्यूत "आवड आहे" म्हणते, पुढं काय बोलू?

प्रश्न: ताई, मी परभणीची. संभाजीनगरला बीएफए केलं, आता दोन वर्षं झाली इथंच फ्लेक्स अन लग्नपत्रिकेच्या दुकानात काम करायलेय. पुण्यात डिझाईनच्या तीन इंटरव्ह्यूला जाऊन आले, तिन्हीकडं विचारलं, हे काम का करायचंय? मी म्हणते लहानपणापासून ड्रॉइंगची आवड आहे, की समोरचे बरं बरं म्हणतात अन विषय संपतो. दुकानातलं काम पोर्टफोलिओत ठेवलंच नाही, पत्रिका काय दाखवायच्या. परवा एका पत्रिकेत 'वऱ्हाड' पार तुटून आलं, मालक म्हणाले जाऊ दे कोण बघतंय, पण मला करमेना, रात्री अकरापर्यंत बसून नीट केलं. असल्या कामावर पुण्यात कोण घेणार?
— एक वाचक, परभणी

उत्तर: अगं, उत्तर तूच लिहून पाठवलंयस की! कोणी सांगितलं नव्हतं, जास्तीचे पैसे नव्हते, तरी तू एका ऱ्हसाठी अकरा वाजवलेस, हेच ऐकायचं असतं त्यांना. आवड आहे असं तर रांगेतला प्रत्येक जण म्हणतो, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. कोणी बघत नसताना तू काय करतेस ते सांग.

आणि ते काम साधं नाही बरं का. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-मोबाईलवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणताना जोडाक्षरं फुटतात, सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचं सेटिंग चालू नसलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडं यायची ती उजवीकडं जाऊन बसते, आणि कित्येक मोठ्या बोर्डांवर ते तसंच छापलेलं दिसतं, मला तर बघून लई त्रास होतो. तुला ते खटकतं आणि दुरुस्तही करता येतं, मग सरळ म्हण की "मला मराठी अक्षर तुटलेलं बघवत नाही, दुकानात हे असं झालं, मी असं नीट केलं, आता हेच काम मोठ्या पातळीवर शिकायचंय."

पुढचा प्रश्न येईल, मग आमच्याकडंच का? त्यासाठी आदल्या दिवशी त्यांची कामं बघून ठेव, कुठं मराठी-हिंदी पॅकेजिंग केलंय का, त्यातलं काय आवडलं ते नेमकं सांग. त्यांच्या चुका मात्र पहिल्याच भेटीत काढू नको. घरी पैशाची गरज असली तर ते लपवायचं कारण नाही, पगाराचा विषय निघाला की बोल, पण 'का' या प्रश्नाला ते उत्तर पुरत नाही, गरज तर दुसऱ्या कुठल्याही नोकरीनं भागली असती ना.

बोली बदलायच्या नादात अडखळू नको, "करायलेय" निघालं तोंडातून तर निघू दे.

त्या पत्रिकेच्या दोन्ही प्रिंट शेजारी-शेजारी लावून पोर्टफोलिओत पहिल्या पानावर ठेव, तुटलेली आणि नीट केलेली. फक्त नवरा-नवरीची नावं अन फोन नंबर झाक.