ॲपल वॉच एसई (२०२२) की गार्मिन फोररनर ५५: धावणे, तब्येत आणि रोजचा वापर

या दोन घड्याळांपैकी कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही निपाणीचे, रोज पहाटे धावता, म्हणून सरळ सांगते: गार्मिन घ्या. आधी फोन कुठला ते बघा. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही. गार्मिन अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींना जोडतं.

माझ्याकडे फोररनर आहे, नवरा एसई वापरतो. तो रोज रात्री चार्जिंगला लावतो, कारण बॅटरी १८ तासांची. मग झोपेची नोंद कशी व्हायची? गार्मिन साध्या वापरात दोन आठवड्यांपर्यंत आणि जीपीएस चालू ठेवून २० तासांपर्यंत चालतं, असं कंपनी सांगते. शिवाय आपला पाऊस! जुलैत येळ्ळूरचा राजहंसगड चढताना ओल्या बोटांनी टचस्क्रीन ऐकतच नाही. फोररनरला पाच बटणं आहेत, टच नाहीच. भिजल्या हातानं दाबलं की लॅप (म्हणजे धावण्याच्या एका टप्प्याची वेगळी नोंद) लागतो.

मात्र रोजच्या कामाला एसई छान. आयफोन जवळ असला की मनगटावरूनच बोलता येतं, आणि माणूस जोरात पडला तर ते ओळखून मदतीला फोन लावतं. घरात वयस्कर कुणी असेल, तर एवढ्यासाठीच मी ते घेईन.

ईसीजी, रक्तातला ऑक्सिजन, बीपी हे दोन्हींत नाही. त्यासाठी डॉक्टरच गाठा. आणि पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट बांधा. सैल राहिला तर ठोके चुकीचे दिसतात.