माल पोचला, पैसे कोठे थांबले?

ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकणाऱ्या सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वाचकांनी या महिन्यात पाठवलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे : विक्री होते, परंतु विक्रीचे पैसे हातात येईपर्यंत पुढची खरेदी खोळंबते. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण इतर पत्रांतील बहुतेक अडचणींचे मूळ त्यातच सापडते.

प्रश्न : आमच्या घरच्या बागेचा बेदाणा आणि सांगलीच्या बाजारातून हळकुंडे आणून दळलेली हळद मी पाव व अर्धा किलोच्या पाकिटांत भरून दोन ऑनलाइन बाजारपेठांवर विकते. महिन्याला सुमारे तीन लाखांची विक्री होते. हळकुंडे घेताना पैसे लगेच मोजावे लागतात, आणि माझे पैसे मात्र ऑर्डर आल्यापासून बारा-बारा दिवस खात्यावर येत नाहीत. बँकेत चौकशी केली तर त्यांच्याकडे काहीही अडकलेले नाही, असे सांगतात. हे पैसे लवकर मिळवण्याचा मार्ग कोणता?
— एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, बँकेने तुम्हाला खरे तेच सांगितले आहे. एनईएफटी म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून दिवसाचे चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालू असते आणि तिचे व्यवहार दर अर्ध्या तासाला पूर्ण होतात. त्यामुळे बाजारपेठेने रक्कम सोडल्यानंतर ती तुमच्या खात्यावर यायला फार वेळ लागत नाही. तुमचे बारा दिवस त्याआधीच खर्च होतात, आणि ते नेमके कोठे खर्च होतात हे दिवस मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एक काम करा. मागील महिन्यातील कोणत्याही वीस ऑर्डर घ्या आणि वहीत प्रत्येकीपुढे चार तारखा लिहा : ऑर्डर आली ती, कुरिअरने पाकीट उचलले ती, ग्राहकाला पोचले ती आणि पैसे जमा झाले ती. शेवटच्या दोन तारखांमधील अंतर बाजारपेठेचे आहे. ग्राहकाने वस्तू परत केली किंवा तक्रार केली तर त्याला पैसे कोठून द्यायचे, या चिंतेपोटी बाजारपेठ डिलिव्हरीनंतर काही दिवस रक्कम राखून ठेवते. बेदाणा आणि हळद यांसारखे खाद्यपदार्थ बहुधा परत घेतले जात नसले, तरी पाकीट फुटले किंवा वजन कमी भरले अशी तक्रार येऊ शकतेच. हे दिवस करारात लिहिलेले असतात. नवीन विक्रेत्यासाठी ते जास्त असतात, आणि काही बाजारपेठांवर विक्रेत्याची श्रेणी सुधारली की ते कमी होतात. तुमची श्रेणी कोणती आहे आणि वरच्या श्रेणीसाठी काय लागते, ते सेलर पॅनेलमध्ये, म्हणजे बाजारपेठेच्या संकेतस्थळावरील विक्रेत्याच्या पानावर, पाहून घ्या. श्रेणी ठरवताना वेळेवर पाठवणी, विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरींचे प्रमाण आणि परत आलेल्या मालाचे प्रमाण यांना सहसा महत्त्व असते.

पहिल्या दोन तारखांमधील अंतर मात्र सर्वस्वी तुमच्या हातात आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे घरून विक्री करणाऱ्यांचे सर्वांत जास्त पैसे याच ठिकाणी अडकतात. हिशेब साधा आहे. महिन्याला तीन लाख म्हणजे रोजचे दहा हजार. पैसे बारा दिवसांनी येत असतील, तर कोणत्याही क्षणी तुमचे एक लाख वीस हजार रुपये वाटेत असतात. ऑर्डर आल्यावर दळण, भरणी आणि चिकटपट्टी करून पाकीट तिसऱ्या दिवशी कुरिअरच्या हाती जात असेल आणि त्याऐवजी पाकिटे आधीच भरून ठेवून ते पहिल्याच दिवशी जाऊ लागले, तर दोन दिवस वाचतात. दोन दिवस म्हणजे वीस हजार रुपये, आणि तेही कोणाला फी किंवा व्याज न देता, कायमचे मोकळे झालेले. हळद अगोदर दळून ठेवल्यास तिचा वास कमी होतो, ही तुमची अडचण मला ठाऊक आहे. म्हणून सगळा साठा न दळता चार-पाच दिवसांच्या विक्रीपुरताच माल भरून ठेवावा, असे सुचवतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखांमधील अंतर रस्त्याचे असते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीतील रस्तेच पाण्याखाली गेले तेव्हा पाकिटे जागच्या जागी राहिली, आणि पाकीट पोचल्याची नोंद होत नाही तोवर पैशांचे दिवसही सुरू होत नाहीत, हे अनेक विक्रेत्यांना तेव्हाच प्रथम कळले. पावसाळ्यात तुमच्या भागातील विक्रेत्याने पंधरा दिवसांच्या खरेदीइतकी रक्कम हाताशी ठेवूनच व्यवहार करावा.

‘कॅश ऑन डिलिव्हरी’च्या ऑर्डरींचा हिशेब वेगळा लिहा. त्यांत ग्राहकाने पाकीट स्वीकारलेच नाही तर माल परत येतो, विक्रेते ज्याला ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. त्यात येण्या-जाण्याचे दिवस जातात, पाकीट चेंगरते आणि शेवटी पैसेही मिळत नाहीत. कोणत्या पिनकोडवरून असे पाकीट वारंवार परत येते ते तुमच्या वीस ऑर्डरींतून दिसणार नाही, त्यासाठी सहा महिन्यांचा अहवाल उतरवून घ्यावा लागेल. बाजारपेठ त्या भागासाठी रोखीची सोय बंद करू देत असेल, तर ती जरूर बंद करा.

प्रश्न : मी मिरजेत तयार कपड्यांचा ऑनलाइन व्यवसाय करतो. मला एका ॲपवरून संदेश आला आहे की, दीड टक्का फी दिल्यास माझ्या विक्रीचे पैसे आठवडाभर आधी, दुसऱ्याच दिवशी मिळतील. दीड टक्का म्हणजे फारच कमी वाटते. ही सोय घ्यावी का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दीड टक्का कमी वाटतो, कारण आपण तो वर्षाच्या व्याजाशी मनातल्या मनात ताडून पाहतो, परंतु हा दीड टक्का सात दिवसांचा आहे. एक लाख रुपये सात दिवस आधी मिळवण्यासाठी तुम्ही दीड हजार रुपये देणार. हीच रक्कम बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तेव्हा पैसे उचलता येणारे कर्जखाते) वार्षिक १२ टक्के दराने सात दिवस वापरली, तर व्याज सुमारे २३० रुपये होते. दर आठवड्याला फी देत गेलात तर वर्षाच्या ५२ आठवड्यांत ती जवळपास ७८ टक्क्यांवर जाते. कपड्यांच्या व्यवसायात परत येणारा माल वजा जाता हाती जे उरते, त्यातून एवढी फी नियमितपणे देणे परवडणार नाही, असे मला स्पष्ट सांगावेसे वाटते.

याचा अर्थ ही सोय कधीच वापरू नये असा नाही. दिवाळीआधी इचलकरंजीहून येणारा माल आज उचलला नाही तर तो दुसरा व्यापारी नेणार असेल, त्यावर तुम्हाला दीड हजारांहून बराच जास्त नफा नक्की दिसत असेल आणि दुसरी कोणतीही सोय नसेल, तर एखाद्या वेळी ती फी देण्यात चूक नाही. सवय मात्र लावून घेऊ नका. आज लवकर घेतलेले पैसे पुढच्या आठवड्याच्या रकमेतूनच आलेले असतात. पुढच्या आठवड्यात ती जागा रिकामी राहते आणि ती भरण्यासाठी पुन्हा तीच फी द्यावी लागते.

तो संदेश नक्की कोणाचा आहे, हेही तपासा. बाजारपेठेने स्वतःच्या सेलर पॅनेलमध्ये दिलेली ‘लवकर रक्कम’ ही सोय निराळी आणि बाहेरच्या ॲपने दिलेली रक्कम निराळी; दुसरी हे कर्ज असते, मग त्याला नाव काहीही दिलेले असो. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये जे नियम घातले, त्यांनुसार कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यावर आली पाहिजे, सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो हे दाखवणारे मुख्य माहितीपत्रक करार करण्यापूर्वी हाती दिले पाहिजे, आणि ॲपने तुमच्या फोनमधील संपर्कांची यादी अथवा कॉलची नोंद मागता कामा नये. माहितीपत्रक न देता संपर्क यादीची परवानगी मागणारे ॲप फोनमधून काढून टाका.

नियमित गरजेसाठी तुमच्या बँकेच्या शाखेत मुद्रा या छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेची चौकशी करा. तीत ५० हजारांपर्यंत शिशू, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत, आणि या कर्जांना तारण लागत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), मागील सहा महिन्यांचे बँक विवरण आणि बाजारपेठेचे सेटलमेंट अहवाल (विक्री, कपात आणि जमा रकमेचा हिशेब) सोबत घेऊन जा. हे अहवाल हाती असले की शाखाधिकाऱ्याला तुमची विक्री डोळ्यांनी दिसते. नुसत्या तोंडी सांगण्यावर कोणी कर्ज देत नाही. कॅश क्रेडिटच्या स्वरूपात मर्यादा मिळाली तर वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतेच व्याज लागते, म्हणून तुमच्यासारख्या चढ-उताराच्या धंद्याला ती हप्त्याच्या कर्जापेक्षा सोयीची पडते.

प्रश्न : साताऱ्यातून मी हाताने भरतकाम केलेल्या पिशव्या विकते. माझे तीन आठवड्यांचे पैसे ‘बँक तपशील पडताळणी अयशस्वी’ असे दाखवून थांबले आहेत. खाते जुने आहे आणि व्यवस्थित चालू आहे.
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : दोन गोष्टी पाहा. पहिली, खात्यावरील नाव आणि पॅनवरील नाव एकच आहे का? लग्नानंतर एका कागदावर माहेरचे आडनाव आणि दुसऱ्यावर सासरचे, असे आपल्याकडे सर्रास असते. बाजारपेठ खात्यावर एक रुपया पाठवून बँकेकडून येणारे नाव जुळवून पाहते, आणि ते जुळले नाही की पुढची सर्व रक्कम थांबते.

दुसरी, आयएफएससी क्रमांक, म्हणजे बँकेच्या शाखेची ओळख सांगणारा क्रमांक, जुना तर नाही ना? बँकांचे विलीनीकरण झाले की खाते चालू राहते, परंतु काही काळाने शाखेचा क्रमांक बदलतो. सातारकरांना हे नवे नाही. येथेच स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली आणि पुढच्याच वर्षी सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. त्यानंतर २०२० मध्ये अनेक सरकारी बँकांची विलीनीकरणे झाली आणि त्यांच्या शाखांचे जुने क्रमांक टप्प्याटप्प्याने बंद झाले. जुन्या चेकबुकवरील क्रमांक न वापरता शाखेतून रद्द केलेला नवा धनादेश घ्या, त्याचे स्पष्ट छायाचित्र जोडून पॅनेलमध्ये दुरुस्ती करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. खाते बदलल्यावर सुरक्षेसाठी काही दिवस रक्कम रोखली जाते, म्हणून हे काम सणाच्या तोंडावर मुळीच करू नका.

प्रश्न : सेटलमेंटमध्ये प्रत्येक वेळी थोडे पैसे कापलेले दिसतात. कमिशन समजते, पण कराच्या नावाने कापलेले पैसे बुडाले असे समजायचे का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : मुळीच नाही, ते तुमचेच आहेत, आणि न मागितल्यामुळे पडून राहतात याचे मला मनापासून वाईट वाटते. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या निव्वळ करपात्र विक्रीवर बाजारपेठ टीसीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, वसूल करते. हा दर १ ऑक्टोबर २०१८ पासून १ टक्का होता, तो १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला. महिन्याची करपात्र विक्री दोन लाख असेल, तर हे एक हजार रुपये झाले. बाजारपेठ पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत तिचे विवरणपत्र भरते. त्यानंतर जीएसटी पोर्टलवर ‘टीडीएस व टीसीएस क्रेडिट’ या ठिकाणी ती रक्कम तुम्हाला दिसते. ती तुम्ही तेथे स्वीकारली की तुमच्या इलेक्ट्रॉनिक रोख खातेवहीत जमा होते, आणि तिच्यातून कर भरता येतो. अनेकांचे हे स्वीकारण्याचे एक पाऊलच राहून गेलेले असते.

प्राप्तिकराची कपात याहून निराळी आहे. ती १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली असून, वैयक्तिक विक्रेत्याची वर्षाची विक्री त्या बाजारपेठेवर पाच लाखांपेक्षा जास्त नसेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल तर ती होत नाही. पॅन किंवा आधार दिलेला नसेल, तर मात्र ५ टक्के कापले जातात. तुमच्या सेटलमेंटमध्ये असा मोठा आकडा दिसत असेल, तर आजच पॅनेलमध्ये पॅन भरा. आतापर्यंत कापलेली रक्कम २६एएस या प्राप्तिकर खात्याच्या करजमा विवरणात तुमच्या नावे दिसते की नाही ते पाहा, आणि दिसत नसल्यास बाजारपेठेकडे लेखी दुरुस्ती मागून मगच प्राप्तिकर विवरणपत्र भरा.