पहिली केबिन सॅक निवडताना

विमानाच्या केबिनमध्ये सोबत नेण्यासाठी कोणती पाठीवरची सॅक घ्यावी, असे आपण विचारले आहे आणि ४५ लिटरची पसंत केली आहे, परंतु पहिल्या खरेदीत लिटरपेक्षा वजनाकडे लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला केबिनमध्ये सहसा ७ किलोपर्यंतची एकच बॅग नेता येते. सॅक रिकामीच २ किलोची असेल तर सामानासाठी उरतात ५, आणि त्यांतले दीडदोन लॅपटॉप व चार्जरच खातात. त्यामुळे ३० ते ३५ लिटरची, दीड किलोच्या आतली सॅक घ्यावी. मापे ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरच्या आत हवीत, तीही भरल्यावर. जळगावहून एटीआर या छोट्या, पंख्याच्या विमानाने जाणार असाल तर अधिकच जपावे, कारण त्यातील डोक्यावरचे कप्पे लहान असतात.

रिकामी सॅक आरशासमोर पाठीला लावून विकत घेणे, ही नवख्यांची नेहमीची चूक. मी भुसावळच्या दुकानात घरून पाच किलो कळण्याचे पीठ नेले, ते सॅकमध्ये भरून उभा राहिलो (दुकानदार हसला, हसू द्यावे). दहा मिनिटांतच डावा पट्टा खांद्यात रुतू लागला आणि ती सॅक तिथेच राहिली. चेन सुटकेसप्रमाणे पूर्ण उघडते का, तेही पाहावे. कापडाचे डेनिअर (धाग्याच्या जाडीचे माप) वगैरे तूर्त बाजूला ठेवावे.