मीटिंगला जायचंय, पण ओळखीचं कोणी भेटलं तर?

प्रश्न : ताई नमस्कार. मी दांडिया बाजारात राहतो, वय 43, मकरपुरा जीआयडीसीत नोकरी. दारूबंदी असली तरी बडोद्यात पाहिजे त्याला मिळतेच, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधी फक्त शनिवारी असायची, आता रोज, आणि सकाळी हात थरथरतात म्हणून थोडी घेऊनच निघतो. सोडायची आहे. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ग्रुपच्या मीटिंगा असतात असं ऐकलंय, पण तिथे कोणी ओळखीचं निघालं तर? पोलिसांपर्यंत नाव गेलं तर? आणि सगळ्यांसमोर बोलावं लागतं का? मला गुजराती येतं पण मनातलं काही त्यात निघत नाही.

उत्तर : दादा, हात थरथरण्याचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी आधी तिथेच थांबणार. सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत म्हणजे शरीराला सवय लागलीय, आणि अशा माणसाने आपल्याच मनाने एका दिवसात पूर्ण बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, कधी जिवावरही बेततं. त्यामुळे "सोमवारपासून बंद" अशी शपथ प्लीज घेऊ नका. आधी सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा किंवा कारेलीबागच्या मानसिक आरोग्य रुग्णालयात, आणि किती पिता ते खरं सांगा, अर्धं करून सांगू नका कारण औषधाचा डोस त्यावरच ठरतो. ते थोडे दिवस गोळ्या देऊन उतरवतात, गरज वाटली तर अ‍ॅडमिट करतात. मीटिंग त्याच्या बरोबरीने सुरू करा, त्याच्याऐवजी नाही. एएमध्ये डॉक्टर नसतात, औषध नसतं, सगळे आपल्यासारखेच सोडलेले नाहीतर सोडू पाहणारे.

आता पोलीस. गुजरातमध्ये पिणं हा गुन्हा आहे हे खरं, म्हणून तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण एएमध्ये हजेरीपट नसतो, फॉर्म नसतो, आडनाव कोणी विचारत नाही, आधार कार्ड तर सोडाच. सरकारकडून किंवा बाहेरच्या कोणाकडून ते पैसेसुद्धा घेत नाहीत, शेवटी एक पिशवी फिरते त्यात ज्याला जमेल तो टाकतो, नवीन माणसाने नाही टाकले तरी चालतं. आणि डॉक्टरांकडे जे सांगाल त्याला 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, दारूमुळे होणारे मानसिक त्रास त्या कायद्यात येतात.

ओळखीच्यांचं म्हणाल तर आपल्या मराठी लोकांचं बडोदं किती लहान आहे ते मला माहितेय, एका मुंजीला गेलं की अर्धा दांडिया बाजार तिथेच भेटतो. म्हणून दोन गोष्टी करा. एक, घराजवळची मीटिंग धरू नका, गावाच्या दुसऱ्या टोकाची बघा. दुसरी, फोनवर विचारा की मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. ओपनला नातेवाईक, विद्यार्थी, कोणीही येऊन बसू शकतं, क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायचीय तोच. तिथे शेजारचे काका दिसलेच तर ते पण त्याच कामाला आलेत ना, तुमच्याइतकेच तेही दचकतील.

पत्ता शोधायला एएच्या भारताच्या वेबसाइटवर गावांप्रमाणे यादी असते, पण वेळा आणि जागा बदलतात म्हणून फोन करूनच निघा. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे, ती फ्री आहे, जवळची उपचार केंद्रं तिथे विचारता येतील.

बोलायची सक्ती नाही. तास-दीड तास असतो, कोणीतरी वाचतं, मग एकेक जण आपलं सांगतो, तुमच्यावर आलं तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, पुढे जातात. मधे कोणी सल्ला देत नाही, हे मला सगळ्यात आवडतं, कारण आपल्याकडे सल्ला न देता ऐकणारा माणूस सापडणं कठीणच! 1935 मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन असेच एकमेकांशी बोलत बसले, त्यातूनच हे सुरू झालं. ईश्वराचं नाव येतं, पण "आपल्याला जसा समजेल तसा", कोणी भजनाला बसवत नाही. भाषा अडली तर महाराष्ट्रातल्या ग्रुप्सच्या मराठी मीटिंगा ऑनलाइन होतात, मनातलं तिथे बोला आणि इथली मीटिंग माणसं भेटायला ठेवा. एका मीटिंगवर मत बनवू नका, ग्रुपाग्रुपात फरक असतो, दोन-तीन बघून मग एक धरा.

प्रश्न : ताई, सासूबाई म्हणतात ह्यांना न सांगता वरणात दारू सोडवायची गोळी घाल. घालू का? मीटिंगला तर हे येणारच नाहीत. (कारेलीबाग)

उत्तर : नका घालू, अजिबात. अशा गोळ्यांमध्ये बऱ्याचदा डायसल्फिराम असतं, त्यावर दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, आणि हार्टचा त्रास असेल तर माणूस जाऊ शकतो. ती माणसाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरनेच द्यायची असते. सासूबाईंना हे सांगताना माझं नाव घ्या हवं तर. ते येत नाहीत तर तुम्ही जा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळा ग्रुप असतो, 1951 पासून चालतो, नवरा पीत असला तरी जाता येतं आणि त्याला सांगून जायची अट नाही. बडोद्यात वेळ जुळली नाही तर त्याच्याही ऑनलाइन मीटिंगा असतात, दुपारी ते ऑफिसला गेले की कानात इयरफोन लावून बसा.