राउंड झाला, पण सांगितलं कुणीच नाही

प्रश्न: ताई, सासऱ्यांना मुंबई नाक्याजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात न्यूमोनियासाठी ठेवलं होतं. मोठे डॉक्टर सकाळी सातला राउंड मारून जाणार आणि आम्हाला वर सोडणार अकराला, सिस्टरला विचारलं की सरांना विचारा, आणि सर काही भेटतच नाहीत. एकदा सलाईन संपून नळीत रक्त चढलं तरी बेल वाजवून कुणी येईना. आता घरी आलेत, पण फाईल मागितली तर म्हणे फक्त डिस्चार्ज कार्ड मिळतं. खरंय का?
– एक सून, सिडको, नाशिक

उत्तर: अजिबात नाही हो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात, आणि अ‍ॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवावं लागतं. सासऱ्यांच्या सहीचा साधा अर्ज करा, त्यात केसपेपर, नर्सिंग चार्ट, रिपोर्ट सगळं नावानिशी लिहा आणि झेरॉक्सवर पोच घ्याच, तोंडी मागितलं तर नुसतं या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरवतील.

तरी नाहीच दिलं तर राजीव गांधी भवनात, महापालिकेच्या आरोग्य-वैद्यकीय विभागाकडे लेखी तक्रार करा, शहरातल्या खाजगी हॉस्पिटलांची नोंदणी महापालिकेकडेच असते. सलाईनचं तारीख-वेळेसकट लिहा, पण सिस्टरचं नाव घालू नका असं मला वाटतं, रात्री एकटीवर किती पेशंट टाकतात ते मॅनेजमेंटला विचारा की.

आणि हो, ते डिस्चार्ज कार्ड घेऊन आधी फॅमिली डॉक्टरकडे जा, गोळ्या किती दिवस आणि छातीचा एक्स-रे परत कधी काढायचा ते विचारून घ्या.